देणगीचा वाटखर्च

भाडं मागच्या बाकावरून हातोहात पुढे जातं आणि सुटे पैसे हातोहात मागे येतात. मधल्या कुणाच्या मुठीत काही राहत नाही.

ऑक्टोबरात बिश्केकमध्ये लोक अंगणात पानं जाळतात. पाऊस आला की धूर विझतो. वास मात्र केसांत राहून जातो.

नारीनच्या पलीकडे एका गावात पाच वर्षांची एक मुलगी सामोवाराजवळ तळहात धरून सांगते, की पाणी उकळलं. उकळल्याचा आवाज तिला येत नाही.

हजार सोम पाठवले, तर हजार पोचत नाहीत.

कुणी दूरच्या गावाला निघालं, की दारात त्याच्या मुठीत नोट कोंबायची. त्याने नको नको म्हणायचं, आपण त्याची मूठ मिटून वरून दाबून धरायची. त्या नोटेला जोलकिरे म्हणतात. वाटखर्च.

खालच्या मजल्यावर शाळेचे गणवेश शिवणारी मशिनं सुरू झाली, की वरच्या मजल्यावरचे चहाचे पेले एकमेकांना हळूच टेकतात.

*

मार्शरुत्का म्हणजे बसायला जेवढी जागा असेल त्याच्या दुप्पट माणसं घेणारी व्हॅन. त्या संध्याकाळी बाहेर पाऊस होता, आत ओल्या कोटांची वाफ होती, आणि पेरिझातचं फोनवरचं बोलणं सगळी मार्शरुत्का ऐकत होती.

तिला इलाज नव्हता. पलीकडे डोंगरातल्या कुठल्याशा गावातली एक आई होती, आणि तिला नीट ऐकू जात नव्हतं. पेरिझात ज्या छोट्या संस्थेत काम करायची, ती संस्था ऐकू न येणाऱ्या मुलांना कानाची मशिनं द्यायची. या आईच्या मुलाचं मशीन पडलं होतं.

"कशात पडलं?" पेरिझातने खांदा आणि कान यांच्यात फोन दाबत विचारलं. एका हाताने ती भाड्याची नोट पुढे देत होती. "सूपमध्ये? बरं… कुठल्या सूपमध्ये?"

कुणीतरी हसलं. नोट पुढे सरकली, खिडकीशेजारच्या एका तरुणाच्या हातात गेली, तिथून ड्रायव्हरकडे. तिने त्या आईला संस्थेचं नाव आणि पत्ता सावकाश, दोनदा सांगितला. मशीन कोरडं करून पाठवून द्या म्हणाली. सुटे पैसे परत आले तेव्हा तो तरुण मागे वळला. भिजलेले केस, आणि हसू दाबून धरल्यामुळे वाकडी झालेली जिवणी.

"शोरपो असेल," तो म्हणाला, "तर आधी चरबी पुसून घ्यायला सांगा."

तिने पैसे घेतले. बोटं बोटांना लागली, तर त्याची गरम होती… आणि आपण फोन अजून कानाला लावून ठेवलाय, पलीकडची आई केव्हाच गेलीय, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

पुढच्या थांब्यावर तो उतरून गेला.

*

त्याच आठवड्यात तो संस्थेच्या दारात उभा होता. छत्री नव्हतीच, लॅपटॉप तेवढा कोटाच्या आत धरलेला. वेबसाइटचं काम करायला आलोय म्हणाला. नाव तिलेक.

संस्था चालवणाऱ्या गुलसून एजेंनी चष्मा कपाळावर चढवला, त्याच्याकडे पाहिलं, आणि काहीच न विचारता चहा ओतला. एजे म्हणजे मोठी बहीण. पण सगळं ऑफिस त्यांना आईसारखं भ्यायचं. त्यांनी कामाचं सांगितलं. लोक वेबसाइटवरून देणगी देतात, आणि बँक वाटेतच तिचा चार्ज कापून घेते. माणसाला वाटतं आपण एवढे दिले, आणि मुलापर्यंत पोचतात त्याहून कमी. तेव्हा देणगी देणाऱ्यालाच विचारायचं, की बाबा, तो कटलेला भागही तू वरून देशील का?

"विचारायचं कसं, ते पेरिझात ठरवेल," एजे म्हणाल्या. "लिहिणं तिचं, बाकी तुझं."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर हे होतं:

☑ व्यवहार प्रक्रिया शुल्क वहन करण्यास मी संमती देत आहे.

"हे कोणी लिहिलं?" पेरिझातने विचारलं.

"बँकेनं. मी फक्त चिकटवलं."

"आणि टिक कोणी लावली?"

"ती… मी."

"माणसानं अजून वाचलंही नाही, आणि तुम्ही त्याच्या वतीने हो म्हणून टाकलंत?"

"सगळेच तसं करतात. नको असेल तर त्यानं काढावी."

"म्हणजे पाहुणा जेवून उठलाय, तुमचा हात त्याच्या खिशात आहे, आणि तुम्ही म्हणताय, नको असेल तर हात बाहेर काढा."

तिलेकने टिक काढली. मग खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाला, की आता तुम्हीच लिहा, मी बसतो.

तो बसला, आणि बसतच राहिला. खरं तर वेबसाइटच्या पानाचं त्याचं काम आठवड्यात उरकलं होतं. पण पेरिझातला ओळ सापडत नव्हती, आणि ओळ सापडेपर्यंत पान पुरं होत नव्हतं. रोज दुपारी तो कागदात गुंडाळलेले गरम सामसे घेऊन यायचा, तिने कालची ओळ का खोडली ते ऐकायचा, आणि समोसा खाताना पोळतात तशी बोटं पोळून घेत हसायचा. एजेंनी एकदा सहज विचारलं, की तुला पानाचे पैसे ठरलेत की दिवसाचे? पानाचे, तो म्हणाला. मग रोज कशाला येतोस? स्वल्पविराम बसवायला, असं त्याचं उत्तर. पेरिझात खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पण चेहरा कुठंतरी ठेवायला हवा होता.

☐ बँक कापेल ते मी भरेन.

"हे भांडल्यासारखं वाटतं," तिलेक म्हणाला.

☐ माझी देणगी मुलापर्यंत पुरी पोचावी म्हणून थोडं अधिक.

"आणि हे उपकार केल्यासारखं," ती स्वतःच म्हणाली.

मग एका दुपारी शब्द आला. खालून टेलरकडची एक मुलगी गावाला निघाली होती, आणि जिन्यात टेलरबाई तिच्या मुठीत नोट कोंबत होती. नको नको, घे घे. पेरिझात दारातून ते बघत उभी राहिली. आत येऊन तिने एका दमात लिहिलं:

☐ माझ्या देणगीचा वाटखर्चही मी देतो.

तिलेकने वाचलं. पुन्हा वाचलं. पैसा म्हणजे दूर निघालेलं घरचंच माणूस, आणि आपण त्याला दारात थांबवून मुठीत भाडं देतोय… असं काहीतरी तो जरा संकोचून म्हणाला. नंतर त्याने पान फोनवर उघडलं, तर ओळ मावेना. दोन ओळी व्हायला लागल्या. 'माझ्या देणगीचा' कापू का, त्याने विचारलं. पडदा दाखवायला तो तिच्याजवळ वाकला होता, खांद्याला खांदा लागला होता, त्याच्या कोटाला पानांच्या धुराचा वास येत होता.

पेरिझात हो म्हणाली.

☐ वाटखर्चही मी देतो.

वर त्याने नारीनकडच्या त्या मुलीचा, आयझिरेकचा, फोटो लावला. सामोवाराशेजारी बसलेली, हात पुढे केलेली.

*

ओळ चालली. लोक भराभर टिक करू लागले. गावांतून, तसेच मॉस्कोहून आणि कझानहून, जिथं इकडची माणसं बांधकामावर आणि हॉटेलांत राबतात तिथून. एजेंनी पेरिझातच्या पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी झिमझिम होती, छत्री एकच होती, आणि थांब्यावर आलेली मार्शरुत्का तिलेकने जाऊ दिली.

"भरलेली होती," तो म्हणाला.

"रिकामी होती."

"मग… ड्रायव्हर बरा दिसत नव्हता."

दुसरीही त्यांनी सोडली. कारण कुणी विचारलं नाही.

*

फोन तलासहून आला. झारिलबेक नावाचे म्हातारे, जन्मभर ट्रक चालवून घरी बसलेले. पेरिझातने त्यांना अता म्हटलं, आजोबा म्हणतो तसं.

"पोरगी पोचली का?" त्यांनी विचारलं.

"कुठली पोरगी, अता?"

"फोटोतली. तिचा वाटखर्च दिला ना मी. पण बाई, मी त्या रस्त्यानं ट्रक नेलाय. तुम्ही मागता तेवढ्या पैशात नारीनहून कोंबडीसुद्धा येत नाही. पोरीला काय डिकीत घालून आणणार का?"

पेरिझातच्या हातातला पेला टेबलावर टेकला, तो आवाज तिला फार मोठा वाटला.

म्हातारे सांगत होते, की म्हणून त्यांनी वेगळे पैसे पाठवलेत. त्यांच्या गल्लीतल्या सगळ्यांनी थोडे थोडे घातलेत. पोरीला पुढच्या सीटवर बसवा, घाटात पोरांना मळमळतं.

फोन ठेवून तिने देणग्यांबरोबर आलेले निरोप उघडले. आकडे रोज पाहिले होते, निरोप कुणी पाहिले नव्हते. मुलीच्या वाटखर्चासाठी. आजी बरोबर येणार असेल तर तिचंही भाडं धरा. वाटेत गरम खायला घाला. कझानहून कुणीतरी लिहिलं होतं, की मी पाच वर्षांची असताना मला कुणी शहरात नेलं नाही, हिला न्या.

बँकेचा चार्ज म्हणून एकानेही दिला नव्हता. सगळ्यांनी एका मुलीला प्रवासाला लावून दिलं होतं, आणि ती मुलगी घरीच बसली होती. तिचं मशीन वसंतात, रस्ते मोकळे झाल्यावर, डॉक्टर घेऊन जाणार होते.

"'माझ्या देणगीचा' तुम्ही कापलंत," ती तिलेकला म्हणाली.

"तुम्ही हो म्हणालात."

"आणि वर फोटो तिचाच लावलात."

"तुम्ही छान आहे म्हणालात."

"मी म्हणाले, कारण तुम्ही…" कारण तुम्ही इतक्या जवळ वाकला होतात. ते तोंडाबाहेर पडलं नाही. "ते जाऊ द्या. तुमचं काम झालंय. तुम्ही निघू शकता."

लॅपटॉप मिटून तो गेला. संध्याकाळी तिने पान उघडून पाहिलं, तर ती ओळ नव्हती. तिला न विचारता काढली होती. काढायलाच हवी होती, तरी तिला रडू आलं.

*

एजेंचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते चुकीचं होतं असं पेरिझातलाही म्हणता आलं नसतं. पैसा मुलांनाच जाणार. देणाऱ्यांना बरं वाटलं, पोरांना मशिनं मिळतील, यात कोणाचं काय बिघडलं? उलट उठून सगळ्यांना सांगितलं, की तुम्हाला वाटलं ते तसं नव्हतं, तर पुढच्या वेळी आपलं नाव दिसताच लोकांना तेवढंच आठवेल. हा हिवाळा निघायचा कसा?

"एजे, मी लोकांना फसवलं नाही," पेरिझात म्हणाली. "चुकले. पण आता कळल्यावर गप्प बसले, तर फसवलं. मग मला इथं बसून दुसरी ओळ लिहिता यायची नाही. प्रत्येक ओळीला वाटेल, हिचा भलताच अर्थ निघालाय आणि आपण त्यावर जगतोय."

एजेंनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला. मग फोन तिच्याकडे सरकवला.

"कर. पण तलासचा म्हातारा शेवटी ठेव, पोरी. तो एकदा लागला की दिवस जातो."

तिने फोन केले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी परत. तेच वाक्य: तुम्ही दिलेला वाटखर्च मुलीचा नव्हता, पैशाचा होता, बँक कापते तो, ओळ मी लिहिली, चूक माझी, परत हवे असतील तर देऊ. एकाने शिवी दिली आणि पैसे परत मागितले. एक बाई म्हणाली, आता तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवावं लागेल, आणि फोन ठेवला. ते शिवीपेक्षा जास्त लागलं. पुष्कळ जण म्हणाले, राहू द्या. झारिलबेक अता ऐकून खूप वेळ खोकले. ते हसत होते हे तिला मागाहून कळलं.

"मग बँकेचं भाडं बँकेच्या नावानं मागा की, बाई. मी देणार नाही असं कोण म्हणालं? पण गल्लीनं पोरीसाठी घातलेत, ते पोरीचेच. ते मला परत नकोत. पोरगी आणा."

रात्री पानावर तिने स्वतः ओळ घातली. कुणाला फोन केला नाही, आणि फोन करावा असं माणूस एकच होतं.

☐ बँक वाटेत तिचा चार्ज कापते. तो मी वेगळा देतो.

लांब होती. दोन ओळींत आली. तशीच ठेवली.

*

काही दिवसांनी सकाळी खाली हॉर्न वाजला. एक छोटी निळी जपानी गाडी उभी होती आणि तिलेक तिच्या टायरला लाथ मारून बघत होता.

"हिवाळ्याचे घातले," वर पाहून तो म्हणाला. "घाट अजून उघडा आहे. बर्फ पडायच्या आत जाऊन येऊ."

ती जिना उतरून आली. फोन करता आला असता, म्हणाली. फोनवर तुम्ही नाही म्हणाला असता, तो म्हणाला. मग टायरकडे बघतच त्याने पुढचं सांगितलं, की तुमचा शब्द मागे घेतलात ते बरोबर केलंत. ओळ मी न विचारता काढली, ते चुकलं. पण लोकांनी जे वाचलं ते काही वाईट नव्हतं. मुलगी यायलाच हवी. ती मी आणू शकतो, फक्त एकट्याला जमणार नाही.

"का नाही जमणार?"

"स्टिअरिंग उजवीकडे आहे."

इकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. अशा जपानी गाडीत समोरच्या ट्रकच्या पलीकडचं आधी दिसतं ते शेजारी बसलेल्याला. चालवणाऱ्याने त्याला विचारून पुढे जायचं. तिला हसू आलं. ती वर जाऊन कोट घेऊन आली.

वाटभर तेच चाललं. जाऊ का? थांबा. आता? बस येतेय… आता जा. कोचकोरला त्यांनी चहा घेतला, आणि घाटात एका वळणावर त्याने न विचारता गाडी बाहेर काढली, तेव्हा समोरून लाकडांचा ट्रक आला.

"थांब!"

गाडी परत आत आली. ट्रक गेला. दोघंही ट्रकचा विचार करत नव्हते. ती त्याला 'थांब' म्हणाली होती. थांबा नव्हे. पुढचा ट्रक आला, तेव्हा तिने फार सांभाळून म्हटलं, "आता जाऊ शकता… तुम्ही."

(मशीन पुढे बिश्केकमध्ये बसलं. ते इथंच सांगून टाकलेलं बरं, उगाच जीव टांगणीला नको. आयझिरेक पहिला आवाज ऐकून रडली, मशीन काढून तिने खिशात घातलं, आणि थोड्या वेळाने कान पुढे करून परत मागितलं.)

*

परत येताना मागच्या सीटवर आयझिरेक आजीच्या मांडीवर झोपली होती. पुढे बसायला तिने साफ नकार दिला होता. आजीचं नाव तुर्दुकान. डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर पोरगी आणि पायाशी लोण्याची बरणी, सगळं एकाच वेळी सांभाळून बसलेली. घाट मागे पडला होता, ऊन पडलं होतं, आणि पुढे कोळशाचा एक ट्रक धूर सोडत रखडत चालला होता.

"जाऊ का?" तिलेकने विचारलं.

"थांबा."

"गुणाची जोडी आहे," आजी मागून म्हणाली. "तो विचारतो, ती सांगते. आमच्या ह्यांनी जन्मात कधी विचारलं नाही. पोरंबाळं किती तुम्हाला?"

तिलेकचे कान लाल झाले. पेरिझातला हसून वेळ मारून नेता आली असती. आजीचा गैरसमज कुणाला बोचत नव्हता. खरं सांगायचं तर गोडच होता, आणि बिश्केकपर्यंत तसाच राहिला असता तर ती मनातल्या मनात त्याच्या शेजारी जरा सरकूनही बसली असती. पण दुसऱ्याने चुकीचं वाचलेलं गोड वाटलं म्हणून तसंच राहू द्यायचं, हे तिला आता जमत नव्हतं.

"अपा, आमचं लग्न झालेलं नाही."

"झालं नाही? मग काय झालंय?"

काय झालंय… पेरिझातने शब्द शोधला. छोटा हवा होता, आणि भलता अर्थ न निघणारा. ती समोरच्या ट्रककडे बघत होती.

"मला हा आवडतो," ती म्हणाली. "एवढंच झालंय. त्याचं मला माहीत नाही."

ट्रक एका बाजूला झाला, समोरचा रस्ता दूरपर्यंत रिकामा दिसू लागला.

"मोकळा आहे," पेरिझात हळूच म्हणाली. "जा."

तिलेक गेला नाही. त्याने वेग अजून कमी केला.

"माझंही तेच झालंय," तो म्हणाला. "तुझ्या आधीपासून."

"मोठ्यांदा बोल रे," मागून आजी म्हणाली. "गाडीत एक बहिरं पुरे."

मग त्याला ते मोठ्यांदा सांगावं लागलं, आरशात आजीकडे बघत, अपा म्हणत, सगळंच्या सगळं. आजीने बरं म्हणून बरणीचं झाकण उघडलं आणि पावाला लोणी लावून दोघांना पुढे दिलं. पेरिझातने तिलेकचा तुकडा त्याच्या तोंडाजवळ धरला, कारण त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते… म्हणजे एक होता. दुसरा तिच्या हातात होता. कोळशाचा ट्रक त्यांनी शेवटपर्यंत ओलांडला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी, मार्शरुत्कात पेरिझातच्या तोंडून संस्थेचं नाव ऐकण्याआधी, तिलेकने गुलसून एजेंना फोन करून कळवलं होतं, की वेबसाइटचं हे काम त्याला घ्यायचं नाही.